छातीतल्या यंत्राचा निरोप

घरबसल्या पेसमेकर तपासण्याची कल्पना मोबाइलच्या काळातली नाही. ती टेलिफोनच्या काळातली आहे आणि तिच्या मुळाशी बॅटरीची धास्ती आहे. माणसाच्या शरीरात पहिला संपूर्ण पेसमेकर बसवला गेला तो 8 ऑक्टोबर 1958 रोजी, स्वीडनमधल्या कारोलिन्स्का रुग्णालयात. रूने एल्मक्विस्ट या अभियंत्याने तो घडवला आणि शल्यविशारद आके सेनिंग यांनी बसवला. रुग्ण होते 43 वर्षांचे आर्ने लार्सन. ठोके थांबून त्यांची शुद्ध दिवसातून अनेकदा हरपत असे. पहिलं यंत्र काही तासांतच बंद पडलं. लार्सन मात्र 2001 पर्यंत, वयाच्या 86व्या वर्षापर्यंत जगले. यंत्र घडवणारा आणि बसवणारा, दोघेही त्यांच्या आधी गेले. आयुष्यभरात लार्सन यांना एकापाठोपाठ एक असे 26 पेसमेकर लागले होते. हा आकडा कौतुकाने सांगितला जातो, आणि कौतुकाचा तो आहेच. पण एका माणसाची छाती किंवा पोट यंत्र बदलण्यासाठी किती वेळा उघडावं लागलं, याचाही तो हिशेब आहे.

त्या काळच्या पाऱ्याच्या बॅटऱ्या दीड-दोन वर्षांत दगा देत. केव्हा देतील ते बाहेरून कळायला मार्ग नसे. एक खूण मात्र होती: बॅटरी उतरू लागली की यंत्राचा ठराविक वेग किंचित बदले. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या माँटेफिओरे रुग्णालयात सीमोर फर्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही खूण टेलिफोनवरून पकडायची सोय केली आणि 1971 मध्ये तिच्यावर शोधनिबंध लिहिला. रुग्णाने घरी बसून बोटांना किंवा मनगटांना पट्ट्या लावायच्या, फोनचा रिसीव्हर एका लहानशा खोक्यावर ठेवायचा. खोकं हृदयाच्या विद्युतलहरींचं सुरांत रूपांतर करी आणि पलीकडे रुग्णालयात ते सूर पुन्हा कागदावरच्या आलेखात उतरत. छातीवर लोहचुंबक धरला की पेसमेकर आपल्या ठराविक वेगाने चालू लागे आणि तो वेग मोजून बॅटरीचा अंदाज बांधता येई. अमेरिकेत ही पद्धत कित्येक दशकं चालू राहिली. तिच्यात एक गोष्ट आपोआप होती, जी पुढच्या देखण्या यंत्रणांमध्ये अधूनमधून हरवली. फोन लागला म्हणजे पलीकडे कुणीतरी तो उचललेला असे.

पुढच्या पानांमध्ये यंत्रांची, त्यांच्या प्रकारांची आणि दूरस्थ देखरेखीच्या पद्धतींची माहिती सविस्तर आलेली आहे. मला या प्रस्तावनेत एकाच प्रश्नाभोवती फिरायचं आहे: छातीतल्या यंत्राने घरून पाठवलेला निरोप उघडतं कोण, कधी उघडतं, आणि उघडल्यावर पुढे काय करतं?

आधी यंत्रांविषयी, अगदी थोडक्यात. मंद झालेल्या हृदयाला टोचणी देऊन चालतं ठेवतो तो पेसमेकर. हृदयाची लय जीवघेणी वेगवान झाली तर विजेचा झटका देऊन ती ताळ्यावर आणतो तो आयसीडी. आपल्याकडे घरोघरी त्याला ‘शॉकचं मशीन’ म्हणतात. असं यंत्र माणसात पहिल्यांदा बसवलं गेलं ते फेब्रुवारी 1980 मध्ये, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात. त्यामागे होते मिशेल मिरोव्स्की. त्यांचे गुरू आणि वरिष्ठ हॅरी हेलर अशाच बिघडलेल्या लयीने दगावले होते. तिसरा प्रकार सीआरटीचा, म्हणजे दुबळ्या हृदयाच्या दोन्ही बाजू एकाच वेळी आकुंचन पावाव्यात म्हणून बसवलेल्या यंत्राचा. चौथा लूप रेकॉर्डर: तो उपचार करत नाही, कातडीखाली बसून फक्त नोंद ठेवतो.

आजच्या बहुतेक यंत्रांत एक चिमुकला रेडिओ असतो. त्यासाठी 402 ते 405 मेगाहर्ट्झ हा पट्टा जगातल्या अनेक देशांनी राखून ठेवला आहे. पलंगाशेजारी, दोन-तीन मीटरच्या आत, एक संच ठेवलेला असतो. घरातले त्याला मॉनिटर किंवा नुसतं ‘डबा’ म्हणतात. माणूस झोपेत असताना छातीतलं यंत्र आणि हा डबा यांची गाठ पडते आणि दिवसभराचा गोषवारा डब्यात उतरतो. तिथून तो मोबाइलच्या नेटवर्कवरून यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर जातो आणि रुग्णालयातल्या अधिकृत व्यक्तीला संगणकावर दिसतो. बर्लिनच्या बायोट्रॉनिक कंपनीच्या अशा स्वयंचलित यंत्रणेला अमेरिकेत 2001 साली परवानगी मिळाली आणि पाठोपाठ इतर मोठ्या कंपन्यांनीही आपापल्या यंत्रणा आणल्या. नव्या यंत्रांना डबाही लागत नाही. ती ब्लूटूथने थेट फोनमधल्या ॲपशी बोलतात. एक मर्यादा इथेच नोंदवतो, कारण ती पुष्कळांना ठाऊक नसते. रोजच्या वापरातल्या या यंत्रणा वाचतात, लिहीत नाहीत. पेसमेकर किंवा आयसीडीची सेटिंग बदलायची तर आजही बहुधा दवाखान्यात जाऊन, प्रोग्रॅमर नावाच्या उपकरणानेच बदलावी लागते.

गोषवाऱ्यात असतं तरी काय? बॅटरी किती उरली, हृदयात गेलेल्या वायरींचा विद्युतरोध किती, किती टक्के ठोके यंत्राने दिले, वरच्या कप्प्यांची लय किती वेळ विस्कटली होती, झटका दिला का, माणूस दिवसभरात किती हालला, रात्री झोपेत ठोके किती होते. काही यंत्रं छातीच्या पोकळीतला विद्युतरोधही मोजतात. फुप्फुसात पाणी साचू लागलं की तो उतरतो.

यातली वायरीची गोष्ट जरा थांबून सांगण्यासारखी आहे. यंत्र बिघडलं असं आपण म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर खांद्याखालची डबी येते. पण या सगळ्या रचनेत खरी नाजूक असते ती वायर. दिवसाला लाखभर वेळा ती हृदयाबरोबर वाकते आणि सरळ होते. मेडट्रॉनिक कंपनीने स्प्रिंट फिडेलिस नावाची आयसीडीची वायर मुद्दाम बारीक बनवली होती. ती तुटते आहे असं दिसल्यावर ऑक्टोबर 2007 मध्ये तिचं वितरण थांबवलं गेलं, पण तोवर जगभरात सुमारे 2,68,000 रुग्णांच्या हृदयात ती पोहोचली होती. तुटक्या वायरीतून खरखर येते, यंत्राला ती जीवघेणी लय वाटते आणि ते झटका देतं. जेवत्या, बोलत्या, पूर्ण शुद्धीवर असलेल्या माणसाला एकामागून एक झटके. ज्याने ते सोसले तो पुढे कित्येक महिने कुशीवर वळतानाही घाबरतो. अशा लाखो वायरी उपटून काढणं शक्य नव्हतं. काढण्यातही जिवाचा धोका होता. मग उरलं काय? लक्ष ठेवणं. वायर पूर्ण तुटण्याआधी तिचा रोध चढतो, खरखरीचे छोटे छोटे तुकडे नोंदले जातात. तीन किंवा सहा महिन्यांनी होणाऱ्या तपासणीत ते सापडेपर्यंत झटके बसून गेलेले असत. रोज रात्री निरोप पाठवणारं यंत्र ते त्याच आठवड्यात दाखवू शकत होतं. दूरस्थ देखरेख ही चैन नाही हे डॉक्टरांना पटायला या वायरीने मोठा हातभार लावला, असं माझं मत आहे.

पुरावे पुढे रीतसर जमले. अमेरिकेत निरज वर्मा यांच्या नेतृत्वाखालच्या ‘ट्रस्ट’ या अभ्यासात तेराशेहून अधिक आयसीडीधारक होते. घरून देखरेख असलेल्या गटाच्या दवाखान्यातल्या फेऱ्या 45 टक्क्यांनी घटल्या, आणि एखादी गडबड डॉक्टरांच्या नजरेस यायला जिथे सुमारे 36 दिवस लागत होते, तिथे दोन दिवसही लागेनात. जवळपास दोन हजार रुग्णांच्या ‘कनेक्ट’ अभ्यासात घटनेपासून निर्णयापर्यंतचा काळ 22 दिवसांवरून 4.6 दिवसांवर आला. इथपर्यंत सगळं सुरळीत. पण लवकर कळल्याने माणसं वाचतात का?

इथे दोन अभ्यास शेजारी शेजारी ठेवून वाचावेत. 2014 साली ‘लॅन्सेट’मध्ये ‘इन-टाइम’ प्रसिद्ध झाला. लाइपझिगच्या गेरहार्ड हिंड्रिक्स यांच्या नेतृत्वाखाली, दुबळ्या हृदयाच्या 664 रुग्णांवर वर्षभर केलेला. देखरेखीच्या गटात 10 मृत्यू झाले, दुसऱ्या गटात 27. तीन वर्षांनी ब्रिटनमधला ‘रेम-एचएफ’ आला. त्यात 1650 रुग्ण होते, त्यांचा मागोवा सरासरी अडीच-तीन वर्षं घेतला गेला आणि निकाल निघाला: काहीही फरक नाही. मृत्यू आणि हृदयविकारासाठीची भरती मिळून दोन्ही गटांत सारखीच, चाळीस टक्क्यांच्या थोडी वर.

यंत्रं जवळपास एकाच जातीची आणि रुग्णही. मग हा फरक आला कुठून? तज्ज्ञांनी अनेक कारणं मांडली आहेत आणि एकट्या कारणावर बोट ठेवणं धाडसाचं ठरेल. तरी एक तफावत डोळ्यांत भरते. ‘इन-टाइम’मध्ये निरोप रोज येत होता, मध्यवर्ती केंद्रात बसलेली माणसं तो पाहत होती, काही खटकलं तर रुग्णाच्या डॉक्टरांना कळवत होती आणि रुग्णाला फोन जात होता: ‘दम लागतो का? गोळ्या घेताय ना?’ ‘रेम-एचएफ’मध्ये माहिती आठवड्यातून एकदा उतरवली जात होती, आणि ब्रिटनमध्ये नेहमीची देखभालही मुळातच चांगली होती. मला यातून दिसतं ते असं, की औषध आलेखात नसून आलेखानंतरच्या फोनमध्ये होतं. फोन कुणी केला, किती लवकर केला आणि फोननंतर गोळी बदलली का, यावर सगळं अवलंबून राहिलं.

उलटही घडतं. छातीत पाणी साचू लागल्याचा अंदाज आला की यंत्राने रुग्णालाच ऐकू येईल असा आवाज करावा, अशी एक कल्पना निघाली. ‘डॉट-एचएफ’ या 335 रुग्णांच्या अभ्यासात ती तपासली, तर आवाज ऐकणाऱ्यांच्या गटात हृदय निकामी झाल्याच्या कारणाने होणाऱ्या भरती कमी होण्याऐवजी वाढल्या. छातीत भोंगा वाजल्यावर कोण घरी बसेल? आणि भोंगा ऐकून दारात आलेल्या रुग्णाला परत पाठवायची हिंमत कोणता डॉक्टर करेल? सूचना थेट रुग्णाच्या कानात घालून वाचणाऱ्या माणसाला मधून वगळलं, तर मिळते ती बव्हंशी घबराट.

निरोप अचूक असूनही त्याचं करायचं काय हे अवघड असतं, याचं उदाहरण म्हणजे वरच्या कप्प्यांची विस्कटलेली लय. रुग्णाला काहीच जाणवत नाही, पण यंत्र लिहितं की काल रात्री ती एवढी मिनिटं बिघडली होती. 2012 च्या ‘ॲसर्ट’ अभ्यासात 2580 रुग्ण होते. ज्यांच्यात अशी सहा मिनिटांहून लांब घटना आढळली, त्यांना पुढे पक्षाघाताचा धोका सुमारे अडीच पट निघाला. तर मग सगळ्यांना रक्त पातळ करणारी गोळी द्यावी? 2023 मध्ये या प्रश्नावर दोन मोठे अभ्यास आले. एकात गोळीने पक्षाघात घटले पण मोठे रक्तस्राव वाढले. दुसरा रक्तस्रावाच्या काळजीने आणि फायदा दिसत नसल्याने मुदतीआधीच थांबवावा लागला. म्हणजे पडद्यावरची एक ओळ वाचून गोळी सुरू करता येत नाही. वय, रक्तदाब, मधुमेह, आधी पक्षाघात झाला होता का, पोटात व्रण आहे का, हे सगळं माहीत असलेला डॉक्टर समोर लागतो.

म्हणूनच 2023 साली हृदयलय-तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी मिळून जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यातली मनुष्यबळाची शिफारस मला तंत्राच्या कोणत्याही शिफारशीपेक्षा मोलाची वाटते. दूरस्थ देखरेखीखालच्या दर 1000 रुग्णांमागे किमान तीन पूर्णवेळ माणसं हवीत, असं त्यांनी लिहून ठेवलं. त्याच तत्त्वांनी असंही म्हटलं की निरोप अखंड येत असतील आणि दुसरी काही अडचण नसेल, तर प्रत्यक्ष तपासणी 24 महिन्यांपर्यंत लांबवता येईल. पहिली शिफारस न पाळता दुसरी तेवढी उचलणं हा मोह सगळीकडेच होणार.

आपल्याकडे तर चित्र आणखी वेगळं आहे. इथे पुष्कळ रुग्णालयांत पेसमेकर तपासायला ‘कंपनीचा माणूस’ येतो. प्रोग्रॅमर त्याच्या बॅगेत असतो, सगळ्या रुग्णांना एकाच दिवशी बोलावलं जातं, तो कागद काढून देतो आणि डॉक्टर सही करतात. हे तंत्रज्ञ बहुधा हुशार आणि तत्पर असतात. त्यांच्या कामाला नावं ठेवण्याचा माझा हेतू नाही. पण घरून आलेला निरोप वाचण्याची जबाबदारी त्यांच्यावर सोडून चालणार नाही. ती रुग्णालयाची आहे आणि त्यासाठी वेगळा माणूस नेमावा लागतो. अमेरिकेत या कामाचे पैसे सरकारी आरोग्यविम्यातून ठरलेल्या दराने मिळतात, म्हणून तिथे माणसं नेमली जातात. इथे यंत्राचं बिल होतं, शस्त्रक्रियेचं होतं. निरोप वाचण्याचं बहुधा होत नाही. जे काम बिलात नाही ते रुग्णालयात कुणाच्याच वाट्याचं नसतं.

आणि गरज तर इथेच जास्त. देवरुखहून, किनवटहून किंवा अहेरीहून मुंबई, पुणे, नागपूर गाठायचं, तेही पंधरा मिनिटांच्या ‘मशीन चेकिंग’साठी! सोबत येणाऱ्याचा रोज बुडतो. एसटीत बसून पाय सुजतात. सगळं ठीक आहे एवढंच ऐकून परतायचं. ही फेरी टळणं हा दूरस्थ देखरेखीचा सगळ्यात साधा फायदा आहे आणि संशोधनात सगळ्यात पक्का सिद्ध झालेलाही तोच आहे. अडचणीही तितक्याच साध्या. माजघरात रेंज नसते. लाइट गेली की डबा बंद. सून खोली आवरताना प्लग काढते, कारण तिथे मिक्सर लावायचा असतो. पोरांकडे परदेशात गेलेल्या आजोबांचा डबा तिथल्या नेटवर्कवर चालेलच असं नाही. निघण्याआधी विचारून घ्यावं.

घरच्यांचा एक गैरसमज मात्र जिवावर बेतू शकतो: ‘डॉक्टरांना तिकडे दिसतंय, काही झालं तर ते फोन करतीलच.’ ही व्यवस्था टपालासारखी आहे. यंत्र पत्र टाकतं; ते कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेत उघडलं जातं. शनिवारी रात्री आलेला निरोप सोमवारी सकाळी वाचला जाऊ शकतो. छातीत दुखलं, शुद्ध गेली, झटक्यांवर झटके बसले तर डब्याकडे पाहत बसू नये; 108 ला फोन करावा किंवा जवळचं रुग्णालय गाठावं. याच्या उलट टोकाला असतात ते काळजीवाहू चिरंजीव, जे अमेरिकेतून रोज फोन करून वडिलांना डब्याचं बटण दाबायला लावतात. प्रत्येक जादा निरोपाला छातीतली बॅटरी खर्ची पडते, आणि ती संपली की यंत्र बदलायची शस्त्रक्रिया वडिलांवरच होते.

सुरक्षिततेविषयी वर्तमानपत्रांत बरंच सनसनाटी छापून येतं. अमेरिकेचे तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांच्या आयसीडीचं बिनतारी दळणवळण 2007 मध्ये बंद करून घेतलं होतं, हे 2013 मध्ये त्यांनी आणि त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं. कुणी दुरून यंत्राशी खेळ करील ही भीती होती. 2017 साली अमेरिकी औषध प्रशासनाने सुमारे 4,65,000 पेसमेकरांच्या अंतर्गत प्रणालीतल्या दुरुस्तीला मंजुरी दिली. ती तीन मिनिटांची होती, पण दवाखान्यात जाऊनच करावी लागली. त्या त्रुटीमुळे कुणा रुग्णाला इजा झाल्याची नोंद तेव्हा नव्हती. सर्वसामान्य माणसाने या भीतीने डबा बंद करणं म्हणजे नसलेल्या चोरापायी असलेला राखणदार घालवणं. मला महत्त्वाचा वाटतो तो दुसरा मुद्दा: ही माहिती कुणाची? कॅलिफोर्नियातले ह्यूगो काम्पोस यांनी आपल्या आयसीडीतली माहिती आपल्यालाच थेट मिळावी म्हणून वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. माहिती कंपनीकडे जाते, डॉक्टरांना दिसते, आणि ज्याच्या हृदयातून ती निघाली त्याला सारांशासाठीही विनवणी करावी लागते, ही त्यांची तक्रार होती. आपल्याकडच्या 2023 च्या विदा संरक्षण कायद्याने अशी माहिती मागण्याचा हक्क तत्त्वतः मान्य केला आहे. सातारच्या एखाद्या आजींना तो प्रत्यक्षात वापरता येईल का, हे रुग्णालयाच्या खिडकीवरचा माणूस ठरवणार.

एक विषय घरात कुणी काढत नाही, म्हणून इथे काढतो. माणूस शेवटच्या आजारात असेल तर आयसीडीचा झटका बंद करून घेता येतो. न घेतल्यास शेवटच्या तासांतही यंत्र आपलं काम करत राहतं, आणि ते पाहणं घरच्यांना असह्य होतं. निर्णय आधी, रुग्ण बोलू शकतो तेव्हाच, त्याच्याशी बोलून घ्यावा. दहनाआधी यंत्र काढावं लागतं, कारण आगीत बॅटरीचा स्फोट होतो. हे स्मशानात आठवून उपयोग नाही, डॉक्टरांना घरी किंवा रुग्णालयातच सांगावं. डबाही परत करावा आणि नोंदणी रद्द करून घ्यावी, नाहीतर ‘संपर्क तुटला आहे, कृपया मॉनिटर तपासा’ असे फोन दुखवट्याच्या घरी येत राहतात.

यंत्र बसवून घरी सोडताना कागदांची एक जाडजूड पिशवी हातात पडते. तिच्यात यंत्राचं ओळखपत्र असतं, ते पाकिटात ठेवावं. डब्याच्या संमतिपत्रावर सही करण्याआधी तिथल्या सिस्टरला किंवा तंत्रज्ञाला विचारावं, की आमचा निरोप रोज पाहणाऱ्याचं नाव काय, तो रजेवर असताना कोण पाहतं, आणि काही खटकलं तर तुम्ही फोन कोणत्या नंबरवर करणार. तिसऱ्या उत्तराकडे नीट लक्ष द्यावं. तिथे बऱ्याचदा भरतीच्या गडबडीत जो पुढे होता त्या पुतण्याचा किंवा शेजाऱ्याचा नंबर लिहिलेला असतो. तो त्याच वेळी, खिडकीवरच बदलून घ्यावा.